गोपाळ गणेश आगरकर : वाद आणि वैर

चार माणसें एकत्र आलीं म्हणजे चार मतें होणारच. ज्या घरांत कधींच मतभेद होत नाहीं, त्या घरांत एकतर कोणी विचार करीत नसेल, किंवा विचार बोलून दाखविण्याची कोणास मुभा नसेल. मतभेद असणें हा दोष नव्हे. तो मांडावा कसा हें न कळणें हा दोष होय. आपल्या देशांतील प्राचीन नैयायिकांनीं ही गोष्ट फार बारकाईनें पाहिली होती. गौतमाच्या न्यायसूत्रांत अशा बोलाचालीचे तीन प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. सत्य काय तें कळावें म्हणून दोघांनीं प्रमाणें देऊन केलेली चर्चा तो वाद. सत्य कांहींहि असो, जय आपला झाला पाहिजे, एवढ्याच हेतूनें युक्तिप्रयुक्ति लढवून केलेली झुंज तो जल्प. आणि स्वतःचें म्हणून कांहींच न मांडतां दुसऱ्याचें तेवढें मोडीत सुटणें ती वितंडा.

हा भेद पाठ करणें सोपें. पाळणें मात्र कठीण. मोठमोठ्या बुद्धिमान् व निःस्वार्थी पुरुषांचाहि येथें पाय घसरतो. ज्यांचें चरित्र आज विद्यार्थ्यांपुढें ठेवावयाचें आहे, त्या गोपाळ गणेश आगरकरांचें सारें आयुष्य वादांत गेलें. लेखणीमुळें त्यांस तुरुंग पाहावा लागला, वादामुळें जिवलग मित्र अंतरला, आणि वादामुळेंच त्यांचें नांव महाराष्ट्रांत अजरामर झालें. त्यांच्या आयुष्यांतील एक मोठा प्रसंग तर आपल्या कोल्हापुराशींच निगडित आहे. म्हणून तें चरित्र येथील मुलांनीं व त्यांच्या वडीलमाणसांनीं विशेष लक्ष देऊन वाचण्यासारखें आहे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजीं सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडजवळील टेंभू या खेड्यांत झाला. घरची स्थिति अत्यंत गरिबीची. कऱ्हाडास आजोळीं राहून त्यांनीं आरंभींचें शिक्षण घेतलें. पुढें शिकण्यास पैसा नव्हता, म्हणून कांहीं काळ कचेरींत उमेदवारी केली, कांहीं काळ दवाखान्यांत औषधें देण्याचें काम केलें. शिकण्याच्या आशेनें ते रत्नागिरीस गेले, पण तेथें जम बसेना. अखेर वऱ्हाडांत अकोल्यास नातलगांच्या आश्रयानें राहून १८७५ सालीं ते मॅट्रिकची परीक्षा उतरले व पुण्यास डेक्कन कॉलेजांत दाखल झाले. अंगांत घालावयास एकच सदरा, तो रात्रीं धुवून वाळत टाकावयाचा आणि सकाळीं तोच पुनः अंगांत घालावयाचा, ही त्यांच्या त्या दिवसांची गोष्ट महाराष्ट्रांत घरोघर सांगतात. शिष्यवृत्ति, बक्षिसांचे निबंध आणि वर्तमानपत्रांतील लेखन यांवर त्यांनीं आपला खर्च चालविला. त्यांत दम्याची व्यथा. ती त्यांस जन्मभर सोडून गेली नाहीं.

याच कॉलेजांत बाळ गंगाधर टिळक यांच्याशीं त्यांची गांठ पडली. दोघेहि एकाच वर्षाचे. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, म्हणजे आगरकरांहून ते अवघ्या नऊ दिवसांनीं लहान. स्वभाव मात्र भिन्न. टिळक गणिताचे व कायद्याचे भोक्ते. आगरकर इतिहास, तर्क व तत्त्वज्ञान यांत रमणारे. देशाची हीन दशा कशी पालटेल, या एका प्रश्नावर हे दोघे तरुण तासन्‌तास वाद करीत. बोलणें कितीहि तापलें तरी स्नेह थंड होत नसे. कारण दोघांनाहि दुसऱ्याचा हेतु ठाऊक होता. सरकारी नोकरी न धरितां लोकशिक्षणाला वाहून घ्यावयाचें, हा निश्चय त्यांनीं याच काळांत केला. आपला मुलगा मोठ्या परीक्षा देत आहे, आतां मोठ्या पगाराची नोकरी मिळून दारिद्र्य फिटेल, अशी आगरकरांच्या आईची स्वाभाविक आशा होती. तिला त्यांनीं पत्र लिहून कळविलें कीं, विशेष संपत्तीची हांव न धरितां पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सर्व वेळ परहितांत घालविण्याचें आपण ठरविलें आहे. त्या माउलीनें तें पत्र कोणत्या मनानें ऐकलें असेल, याचा विचार आजच्या आईबापांनीं करावा.

२ जानेवारी १८८० रोजीं विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं टिळकांच्या साहाय्यानें पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल काढलें. महादेव बल्लाळ नामजोशी त्यांस मिळाले आणि एम. ए. होऊन आगरकरहि त्या मंडळींत आले. १८८१ च्या जानेवारींत या मंडळीनें दोन वर्तमानपत्रें सुरू केलीं, मराठी केसरी व इंग्रजी मराठा. केसरीचे पहिले संपादक आगरकर झाले. वय अवघें चोवीस. तारुण्याचें तेज, हातीं लेखणी, आणि समोर अन्यायानें भरलेलें जग. अशा वेळीं मनुष्याच्या हातून कशी चूक होते, तें पुढील प्रकरणावरून दिसून येईल.

कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० सालीं युरोपच्या प्रवासांत इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं वारले. त्यांच्यामागें चौथे शिवाजी महाराज गादीवर दत्तक आले. ते अल्पवयी होते, आणि पुढें त्यांचें चित्त ठिकाणावर नाहीं असें सरकारानें ठरविलें. संस्थानचा कारभार दिवाण रावबहादुर माधवराव बर्वे यांच्या हातीं होता. महाराजांस वेड लागलेलें नाहीं, त्यांचा छळ होत आहे, अशी कुजबूज कोल्हापुरांत व पुण्यांत चालू झाली. शिवछत्रपतींच्या गादीचा प्रश्न. लोकांचीं मनें खवळून गेलीं. तेवढ्यांत कांहीं पत्रें पुढें आलीं. महाराजांविरुद्धच्या कारस्थानांत बर्व्यांचा हात आहे, असें त्या पत्रांवरून दिसत होतें. केसरी व मराठा या पत्रांनीं त्यांवर विश्वास ठेवून दिवाणांवर कडक लेख लिहिले.

बर्व्यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद केली. मुंबईच्या हायकोर्टांत चौकशी झाली, आणि तीं पत्रें बनावट ठरलीं. टिळक-आगरकरांनीं आपली चूक कबूल करून माफी प्रसिद्ध केली. परंतु खटला मागें घेतला गेला नाहीं. १७ जुलै १८८२ रोजीं दोघांसहि चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांपैकीं १०१ दिवस मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत काढून २६ ऑक्टोबर रोजीं ते सुटले. सुटतांना लोकांनीं त्यांचें मोठ्या उत्साहानें स्वागत केलें. आगरकरांनीं त्या दिवसांची हकीकत पुढें पुस्तकरूपानें लिहिली. शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाचें विकारविलसित हें त्यांचें मराठी रूपहि त्याच काळांतील श्रमाचें फळ होय.

या प्रकरणाकडे नीट पाहिलें पाहिजे. टिळक-आगरकरांचा हेतु शुद्ध होता, याविषयीं शंका नाहीं. महाराजांविषयीं वाटणारी काळजीहि निराधार नव्हती. १८८३ च्या डिसेंबरांत अहमदनगर येथें पहाऱ्यावरील एका गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत त्या तरुण राजाचा करुण अंत झाला. परंतु हेतु शुद्ध असला म्हणून पुरावा शुद्ध होत नाहीं. ज्या पक्षाविषयीं आपलें मन आधींच कलुषित झालेलें असतें, त्याच्याविरुद्ध आलेला प्रत्येक कागद आपणांस खरा वाटतो, आणि तो तपासून पाहणें म्हणजे शत्रूस सवलत देणें असें वाटूं लागतें. तेथेंच वाद संपतो आणि जल्प सुरू होतो. लोकांच्या जयघोषानेंहि खोटें पत्र खरें झालें नाहीं. या दोन पुरुषांचा मोठेपणा असा कीं, पत्रें खोटीं आहेत हें कळल्यावर त्यांनीं तीं खरीं असल्याचा हट्ट धरिला नाहीं. ज्या मनुष्यावर आपण कडक टीका केली, त्याचीच जाहीर माफी मागण्यास तुरुंगांत जाण्याइतकेंच धैर्य लागतें.

तुरुंगांत दोघे एकत्र होते. बाहेर पडल्यावर काय करावयाचें, याची चर्चा रात्रीं इतकी रंगे कीं पहारेकऱ्यांस येऊन त्यांस गप्प करावें लागे, असें सांगतात. हा त्यांच्या मैत्रीचा अत्यंत गोड काळ होय. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि २ जानेवारी १८८५ रोजीं फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें. दोघेहि तेथें अल्प वेतनावर शिकवीत.

परंतु मतभेदाचें बीज मुळांतच होतें. आधीं समाज सुधारावा कीं आधीं राज्य मिळवावें, हा तो प्रश्न. आगरकरांचें म्हणणें असें कीं, ज्या समाजांत आठ-दहा वर्षांच्या मुलींचीं लग्नें होतात, विधवांचें केशवपन होतें, आणि ज्ञानाचीं दारें निम्म्या मनुष्यजातीस बंद असतात, तो समाज स्वातंत्र्य मिळवूं शकणार नाहीं व मिळालें तरी टिकवूं शकणार नाहीं. जेथें रूढि दुर्बळाचा जीव घेते, तेथें कायद्याची मदत घेण्यांत कमीपणा नाहीं. १८२९ सालीं सतीची चाल कायद्यानेंच बंद झाली होती. टिळकांचें म्हणणें असें कीं, समाजाचे दोष शिक्षणानें व लोकमत वळवून हळूहळू दूर करावे. परक्या सरकारास घरांत बोलावून तें काम करून घेतल्यानें लोकांत फूट पडेल आणि सरकारचा हात मात्र बळकट होईल. सुज्ञ वाचकांस दिसेल कीं दोन्ही पक्षांजवळ सांगण्यासारखें पुष्कळ होतें. खऱ्या वादाचें लक्षण हेंच. त्यांत दोन्ही बाजूंस कांहीं वजन असतें, म्हणूनच तो करावा लागतो.

केसरी पत्र एकाच्या मताचें नव्हतें, मंडळीचें होतें. त्यामुळें आपलें मत मोकळेपणानें मांडतां येत नाहीं, असें आगरकरांस वाटूं लागलें. १८८७ सालीं त्यांनीं केसरी सोडला, आणि १८८८ च्या ऑक्टोबरांत स्वतःचें सुधारक पत्र काढलें. त्याची इंग्रजी बाजू सांभाळण्यास आपल्या राजाराम कॉलेजांत शिकून गेलेले गोपाळ कृष्ण गोखले हे तरुण प्रोफेसर त्यांस मिळाले. सोसायटींतील वेतनाच्या व नियमांच्या प्रश्नांवरूनहि कलह वाढला, आणि १८९० अखेर टिळकांनीं सोसायटी सोडली. ज्यांनीं एका कोठडींत १०१ दिवस काढले, त्यांस एका संस्थेंत राहणें अशक्य झालें.

१८९१ सालीं संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या संमतीचें वय दहावरून बारा वर्षें करावयाचें, एवढीच ती सुधारणा. पण तिच्यावरून सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. टिळक कायद्याच्या विरुद्ध, आगरकर बाजूचे. केसरी व सुधारक यांची लेखणी तलवारीसारखी चालूं लागली. खेदाची गोष्ट ही कीं, ती केवळ मुद्द्यांवर चालली नाहीं. एकेकाळचे मित्र एकमेकांच्या हेतूंवर, स्वभावावर व वागण्यावर बोलूं लागले. मित्राला मित्राचें मर्मस्थान ठाऊक असतें, म्हणून हे घाव अधिक खोल गेले. आगरकरांची भाषा मूळचीच जहाल. उपहास करूं लागले म्हणजे समोरच्यास सोलून काढीत. या दोषांतून त्यांस मुक्त समजणें म्हणजे सत्याशीं बेइमानी होईल.

तथापि त्यांच्या लेखांत आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या जमावाच्या वागण्यांत एक मोठा भेद होता. आगरकर आक्षेप घेऊन त्याचें उत्तर देत, कारणें सांगत, आपलें मत काय तें उघड मांडीत. ते वाक्यमीमांसेवर ग्रंथ लिहिणारे शिक्षक होते. वाक्याचें जसें पृथक्करण करावें, तसें ते रूढीचें करीत. ही चाल कोठून आली, तिचा उपयोग काय, तिच्यापासून दुःख कोणास, असे प्रश्न ते विचारीत. विरोधकांपैकीं कांहींनीं विद्वत्तेनें उत्तरें दिलीं. पण पुष्कळांस उत्तर सुचलें नाहीं, म्हणून त्यांनीं निराळा मार्ग धरिला. त्यांनीं आगरकरांची प्रतिमा तिरडीवर बांधून पुण्याच्या रस्त्यांतून तिची प्रेतयात्रा काढली. स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणीं पाहण्याचा प्रसंग त्या दमेकरी शिक्षकावर आला. त्या यात्रेंत आवाज पुष्कळ होता, परंतु विधवेच्या केशवपनास शास्त्राचा व न्यायाचा आधार काय, या त्यांच्या प्रश्नाचें उत्तर त्यांत नव्हतें. वितंडेचें याहून स्पष्ट उदाहरण कोठें मिळेल? आगरकरांनीं सुधारक बंद केला नाहीं, आणि लोकांविषयींची कळकळहि सोडली नाहीं.

सभ्य मतभेद पाहावयाचा असेल तर त्यांच्या घरांत पाहावा. आगरकर देवधर्माच्या आचारांवर विश्वास ठेवीत नसत. ईश्वर आहे कीं नाहीं हें मनुष्यास कळणें शक्य नाहीं, असें त्यांचें मत होतें. त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या व श्रद्धाळू. जगाशीं कठोर बोलणाऱ्या या पुरुषानें आपल्या पत्नीवर आपल्या मतांची सक्ती केली नाहीं. जें मत मनास पटलें नाहीं तें लादण्यांत अर्थ नाहीं, हें तत्त्व घराबाहेर सांगणें सोपें, घरांत पाळणें अवघड. त्यांनीं तें घरांत पाळलें. ईश्वराविषयींचें त्यांचें मत या वार्षिकाच्या पुष्कळ वाचकांस मान्य होणार नाहीं. प्रस्तुत लेखकासहि तें मान्य नाहीं. पण ज्याचें मत आपणांस पटत नाहीं, त्याचा प्रामाणिकपणा, त्याग व दया आपणांस दिसतात कीं नाहीं, हीच आपल्या सभ्यतेची परीक्षा होय.

१८९२ सालीं आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. कीर्ति वाढली, प्रकृति मात्र ढासळत गेली. १७ जून १८९५ रोजीं, वयाचीं एकोणचाळीस वर्षेंहि पुरीं झालीं नसतां, त्यांचें देहावसान झालें. आपल्या उत्तरकार्याचा भार कोणावर पडूं नये म्हणून त्यापुरते पैसे त्यांनीं एका पुडींत बांधून वेगळे ठेविले होते, असें सांगतात. ज्या पुरुषाची खोटी प्रेतयात्रा वाजतगाजत निघाली होती, त्यानें आपल्या खऱ्या प्रेतयात्रेची तजवीज अशी मुकाट्यानें करून ठेविली होती.

टिळकांनीं केसरींत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. तो लिहीत असतां त्यांस अश्रु आवरेनात, अशी आठवण सांगितली जाते. त्या लेखांत मतभेद लपविलेले नाहींत. तसेंच आगरकरांची बुद्धि, त्यांचा करारीपणा व स्वार्थत्याग यांचें मोलहि कमी केलेलें नाहीं. हा लेख टिळकांसहि भूषणावह आहे. परंतु वाचकाच्या मनांत एक विचार आल्यावांचून राहत नाहीं. विरोधकाच्या गुणांचें हें स्मरण चार वर्षें आधीं, दोघेहि हयात असतां, दोन्ही पत्रांतून झालें असतें तर? मतें तींच राहिलीं असतीं. कायद्याविषयींचा झगडाहि चालला असता. पण कदाचित् दोन मित्र एकमेकांस अंतरले नसते, आणि महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दोन तट इतके कडवट झाले नसते.

काळानें त्या वादाचा निवाडा मोठ्या मौजेनें केला आहे. देशास १९४७ सालीं स्वराज्य मिळालें, तें टिळकांच्या तपश्चर्येवांचून मिळालें नसतें. १९२९ च्या कायद्यानें मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा वर्षें झालें, आणि आज तें अठरा वर्षें आहे. मुलगे व मुली एका वर्गांत शिकतात, विधवेच्या केशवपनाची चाल इतिहासजमा झाली. हें आगरकरांच्या लेखणीवांचून इतक्या लवकर घडलें नसतें. ज्यांनीं एकमेकांस चूक ठरविलें, ते दोघेहि पुष्कळ अंशीं बरोबर होते. भांडणाच्या धुंदींत हें दिसत नाहीं. शांत वादांत दिसूं शकतें.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या वक्तृत्वसभेंत, खेळाच्या मैदानावर, घरांत भावंडांशीं, पुढें मोठेपणीं सभांतून व पंचायतींतून, तुम्हांस वाद करावे लागतील, आणि ते तुम्ही अवश्य करावे. अन्याय दिसत असतां गप्प बसणें ही सभ्यता नव्हे. आगरकर तसे कधीं बसले नाहींत. परंतु एखाद्याविरुद्ध कागद किंवा बातमी हातीं येईल तेव्हां कोल्हापूरच्या त्या पत्रांची आठवण धरा, आणि जें आपणांस आवडतें तेंच आधीं तपासून पाहा. उत्तर सुचत नाहीं आणि समोरच्याच्या जातीवर, रूपावर, हेतूवर बोलण्याची इच्छा होते, तेव्हां समजा कीं आपण तिरडी बांधावयास निघालों आहों. चूक कळली तर ती उघड कबूल करा. त्यानें कोणी लहान झालेला नाहीं. आणि ज्याच्याशीं आपलें पटत नाहीं त्याच्यांत चांगलें काय आहे, तें त्याच्या कानीं पडेल अशा वेळीं बोला. मृत्युलेख कितीहि सुंदर असला, तरी ज्याच्यासाठीं तो लिहिलेला असतो त्यास तो वाचतां येत नाहीं.